फुटले की फोडले? लास कासास यांची क्रियापदे आणि इंग्रजी भाषांतरांची तीन शतके

१/२०
मराठीत पेला फुटतो, दोरी तुटते, खुर्ची मोडते, कापड फाटते, दूध नासते आणि यंत्र बिघडते. इंग्रजीत पेला, दोरी आणि खुर्ची या तिघांसाठी एकच ‘ब्रेक’ पुरतो. दुधापासून लाडावलेल्या मुलापर्यंत बरेच काही ‘स्पॉइल’ होते. स्पॅनिशची वाटणी आणखी निराळी. वरवर पाहता हा शब्दकोशाचा विषय आहे. परंतु सोळाव्या शतकात नेमक्या याच जातीची स्पॅनिश क्रियापदे इंग्रजीत नेली गेली, तेव्हा प्रश्न पेल्याचा वा दुधाचा नव्हता. एका खंडाचा नाश कोणी केला आणि त्या नाशाला काय म्हणायचे, हा प्रश्न होता. त्या क्रियापदांच्या प्रवासाची ही कथा.

२/२०
कथेचा नायक बार्तोलोमे दे लास कासास. जन्म सेव्हिलचा. १५०२ मध्ये ते कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर आले. आज या बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. इतर वसाहतवाल्यांप्रमाणे लास कासास यांच्याही वाट्याला ‘एन्कोमिएन्दा’ आली. म्हणजे स्थानिक माणसांचा एक गट त्यांच्याकडे कामासाठी ‘सोपवला’ गेला. क्युबाच्या मोहिमेत त्यांनी निःशस्त्र वस्तीची कत्तल डोळ्यांनी पाहिली. १५१४ मध्ये त्यांनी आपल्या ताब्यातील माणसे सोडून दिली, पुढे डॉमिनिकन संघात प्रवेश केला आणि १५६६ पर्यंतचे उर्वरित आयुष्य एकाच खटल्यात घालवले. आरोपी होते त्यांचेच देशबांधव.

३/२०
त्या खटल्याचे आरोपपत्र म्हणजे एक छोटेसे पुस्तक. शीर्षकाचा मराठी अर्थ ‘इंडीजच्या विध्वंसाचा अतिसंक्षिप्त वृत्तान्त’. इंडीज म्हणजे त्या काळच्या स्पॅनिश बोलीतील अमेरिका. १५४२ मध्ये ते लिहिले गेले. त्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सने स्थानिकांच्या गुलामगिरीवर बंधने घालणारे ‘नवे कायदे’ जारी केले. दहा वर्षांनी, १५५२ मध्ये, पुस्तक सेव्हिल येथे छापले गेले आणि युवराज फिलिपला अर्पण झाले. म्हणजे वाचक ठरलेला होता: स्पॅनिश राजदरबार. परक्यांनी हे वाचावे आणि आपल्या उपयोगाला लावावे, असा लेखकाचा हेतू नव्हता.

४/२०
पुस्तकाची बांधणी साधी आहे. प्रदेशामागून प्रदेश येतो: हिस्पॅनिओला, क्युबा, निकाराग्वा, न्यू स्पेन, ग्वातेमाला, पेरू. प्रत्येक ठिकाणी क्रम जवळजवळ तोच. आधी त्या भूमीची समृद्धी, मग आगंतुकांचे पाऊल, मग क्रियापदांची रांग. देस्त्रुईर म्हणजे नष्ट करणे. देस्पोब्लार म्हणजे वस्तीहीन करणे. आसोलार म्हणजे जमीनदोस्त करणे. देस्पेदासार म्हणजे तुकडे तुकडे करणे. जोडीला ‘एस्त्रागो’ हे नाम, म्हणजे प्रचंड नासधूस. विशेषणे अनेक वक्त्यांकडे असतात. लास कासास यांचा भार क्रियापदांवर आहे, कारण क्रियापद आले की मागोमाग कर्ता विचारावा लागतो.

५/२०
यांतील ‘आसोलार’ पाहण्याजोगा आहे. स्पॅनिशमध्ये या रूपाची दोन क्रियापदे आहेत. एकाचे मूळ लॅटिनमधील ‘जमीन’ या अर्थाच्या शब्दात: इमारत, गाव, प्रांत जमिनीला मिळवणे. दुसऱ्याचे मूळ ‘सूर्य’: उन्हाने वा अवर्षणाने शेत करपणे. पहिल्याला करणारा लागतो. दुसऱ्याला ऋतू पुरतो. इंग्रजी वाचकाच्या कानाला जवळचा वाटणारा शब्द म्हणजे ‘डेसोलेट’, पण त्याचे मूळ तिसरेच आहे: ‘एकाकी’ या अर्थाचा लॅटिन शब्द. एका भाषेत पाडलेली भिंत दिसते, तर दुसऱ्या भाषेत ओसाड माळ. माळ ओसाड कसा झाला, हे तो शब्द सांगत नाही.

६/२०
‘देस्पोब्लार’साठी मराठीजवळ फार नेमका शब्द आहे, फक्त त्याचा मूळ अर्थ आज झाकला गेला आहे. ‘बेचिराख’ हा शब्द फारसीतील ‘चिराग’वरून आला. बेचिराख गाव म्हणजे ज्या गावात दिवा लावायला माणूस उरला नाही असे गाव. शब्दात ‘राख’ ऐकू येते म्हणून आता तो जाळून टाकण्याच्या अर्थाने वापरला जातो. लास कासास यांचा शब्दही माणसांबद्दल आहे. घरे उभी असू शकतात, झाडांना फळे असू शकतात, दिवे नाहीत. हिस्पॅनिओलाबद्दल ते लिहितात की तीस लाखांवर असलेल्या लोकांतून दोनशेही उरले नाहीत. मूळ संख्येवर आज इतिहासकारांत मोठा वाद आहे. अर्ध्या शतकाच्या आत बेटावरील तायनो समाज कोसळला, यावर मात्र वाद नाही.

७/२०
शीर्षकातील ‘विध्वंस’ हा शब्दही साधा नव्हता. स्पॅनिश वाचकाला तो शतकानुशतके ओळखीचा होता, कारण ७११ मध्ये मुस्लिम फौजांनी राजा रॉड्रिगोचे राज्य बुडवले, त्या घटनेला इतिवृत्तांत आणि लोककथांत ‘स्पेनचा विध्वंस’ म्हटले जाई. राजाच्या पापाची ती शिक्षा होती, असा त्या कथेचा रोख. लास कासास यांनी तोच शब्द उचलून उलटा फिरवला. त्या वेळी स्पेन भोगणारा होता, या वेळी करणारा. जे पाप स्पेनने तिकडे केले त्यासाठी देव एक दिवस स्पेनचाही नाश करील, अशी त्यांची खरोखरीची भीती होती. मृत्युपत्रातही ती उमटली आहे. इंग्रजी ‘डिस्ट्रक्शन’ शब्दशः अचूक आहे, पण ७११ ची घंटा त्यात वाजत नाही.

८/२०
आता ‘स्पॉइल’. लॅटिनमध्ये ‘स्पोलियुम’ म्हणजे मेलेल्या जनावराची सोललेली कातडी, आणि त्यावरून पडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवलेले चिलखत. त्याच मुळापासून स्पॅनिशमध्ये ‘देस्पोहार’ झाला: हिरावून घेणे, नागवणे. इंग्रजीत ‘स्पॉइल’ झाला आणि त्याचाही पहिला अर्थ लुटणे असाच होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये इस्राएली लोक मिसरवासीयांना ‘स्पॉइल’ करतात, ते लुटण्याच्या अर्थाने. लुटीनंतर जे उरते ते कामाचे राहत नाही. त्या वाटेने अर्थ ‘नासणे’कडे सरकला. आजच्या वाचकाने सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘स्पॉइल’ पाहून नासके दूध आठवले, तर त्याच्या हातून लुटारू निसटलाच.

९/२०
मराठी वाचकाला ही सरमिसळ नवी नाही. ‘मुलूख ताराज केला’ या जुन्या वाक्प्रचारात लूट आणि नासधूस एकाच शब्दात बांधलेल्या आहेत. स्पॅनिशमध्ये पुढे हे दोन अर्थ वेगळे झाले. हिरावण्यासाठी ‘देस्पोहार’ राहिला. नासण्यासाठी ‘एचार आ पेर्देर’, म्हणजे शब्दशः ‘हरवायला टाकणे’. बिघडण्यासाठी ‘एस्त्रोपेआर’, ज्याचा जुना अर्थ माणसाला पंगू करणे असा होता. सर्व्हांतेसच्या काळात युद्धात अवयव गमावलेल्या सैनिकाला याच क्रियापदाचे विशेषण लावत. आज स्पेनमध्ये धुलाईयंत्रही ‘एस्त्रोपेआर’ होते. माणसाच्या जखमेचा शब्द यंत्राला लागला आणि सौम्य झाला.

१०/२०
असाच दुसरा जोडगोळा म्हणजे ‘गास्तार’ आणि ‘वेस्ट’. दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदाची मुले: ओसाड करणे. इंग्रजीत ‘वेस्ट’ने उजाड मुलूख आणि वाया गेलेली वस्तू हे दोन्ही अर्थ सांभाळले. स्पॅनिश ‘गास्तार’ही पूर्वी प्रांत उद्ध्वस्त करण्यासाठी वापरला जाई, पण तो हळूहळू बाजारात शिरला आणि ‘खर्च करणे, झिजवणे’ या अर्थावर स्थिरावला. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘गास्तार’ दिसला की भाषांतरकाराला थांबावे लागते. इथे पैसे संपले, कापड झिजले की गाव संपले? लहान शब्दाने मोठी चूक होण्याची ही नेहमीची जागा.

११/२०
काही क्रियापदांना तर इंग्रजीत जोडच नव्हती. ‘आपेरेआर’ हे त्यांतील एक. ‘पेरो’ म्हणजे कुत्रा, त्यावरून बनलेले. अर्थ: माणसाच्या अंगावर शिकारी कुत्री सोडून त्याला फाडवणे. ही शिक्षा इतकी वापरात होती की तिच्यासाठी एकच शब्द पुरेसा ठरला. सोळाव्या शतकातील मेक्सिकोत कोयोआकान येथील अशा शिक्षेचे चित्र स्थानिक चित्रकाराने काढले. ते हस्तलिखित आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. इंग्रजीत हे सांगायला आख्खे वाक्य लागते, मराठीतही लागते. आजच्या स्पॅनिशमध्ये मात्र ‘आपेरेआदो’ म्हणजे कामाने मेटाकुटीला आलेला. भाषा आपल्याच क्रौर्याची आठवण अशी बोथट करत जाते.

१२/२०
आता मोडतोडीची नेहमीची जोडी: ‘रोम्पेर’ आणि ‘केब्रार’. केब्रारचे मूळ ‘कडकड आवाज करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, म्हणून तो कठीण वस्तू तडकण्याशी जवळीक राखतो. त्याच घराण्यातील ‘केब्रांतार’ कायदा, वचन वा माणसाचे बळ मोडण्यासाठी येतो. इंग्रजी या सर्वांना ‘ब्रेक’च्या दावणीला बांधते. परंतु खरा पेच आणखी पुढे आहे. हातून पेला फुटला तर स्पॅनिश माणूस ‘मी फोडला’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘से मे रोम्पियो’: पेला आपला आपण फुटला आणि ते माझ्या वाट्याला आले. मराठीत आपण हेच म्हणतो: ‘माझ्या हातून फुटला’.

१३/२०
मराठीला हा भेद क्रियापदाच्या अंगातच मिळाला आहे. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे. एक स्वर, एक व्यंजन बदलले की अपघाताचा अपराध होतो. स्पॅनिशमध्ये ‘से’ हे छोटे सर्वनाम ते काम करते. क्रियापदापुढे ‘से’ आले की प्रदेश आपोआप ओस पडतो, लोक आपोआप संपतात. ‘से’ काढले की कोणीतरी तो ओस पाडलेला असतो. इंग्रजीत दोन्ही बाजूंना तेच ‘ब्रोक’. पेला ‘ब्रोक’ आणि त्याने पेला ‘ब्रोक’. कर्ता वाक्यात ठेवायचा की गाळायचा, हे तिथे सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

१४/२०
लास कासास यांच्या पुस्तकाची ताकद इथे आहे. ते ‘फुटले’ लिहीत नाहीत, ‘फोडले’ लिहितात. आणि कर्ता कोण? पुष्कळ ठिकाणी ‘ख्रिस्ती’. हिस्पॅनिओलाच्या प्रकरणात घोडे, तलवारी आणि भाले घेऊन कत्तल सुरू करणाऱ्यांना त्यांनी हेच नाव दिले आहे. व्यक्तींची नावे त्यांनी बहुतेक गाळली. सुभेदार आणि सेनानी नुसते ‘हा जुलमी’ म्हणून येतात. धर्मगुरूने धर्मनिष्ठ राजपुत्राला लिहिताना ‘ख्रिस्ती’ हा कर्ता ठेवणे म्हणजे आरशासमोर उभे करणे होते. आम्ही ज्या नावाने तिकडे गेलो, त्याच नावाने हे केले. आरोपाची धार त्या एका नामात होती.

१५/२०
मग पुस्तक सीमेबाहेर गेले. नेदरलँड्समध्ये स्पेनविरुद्ध बंड पेटले होते. १५७८ मध्ये डच भाषांतर निघाले. त्याच्या शीर्षकात ‘विध्वंस’ हा शब्द टिकला होता. १५७९ मध्ये अँटवर्पला याक द मिग्रोड यांचे फ्रेंच भाषांतर निघाले. त्याच्या शीर्षकात ‘स्पॅनिश लोकांचे जुलूम आणि क्रौर्य’ आले. १५८३ मध्ये लंडनला पहिले इंग्रजी भाषांतर छापले गेले, तेही मूळ स्पॅनिशवरून नव्हे तर या फ्रेंचवरून. भाषांतरकाराने नावाऐवजी एम. एम. एस. एवढी अक्षरे दिली. शीर्षक झाले ‘स्पॅनिश वसाहत’. ‘विध्वंस’ शीर्षकातून गेला. आणि हिस्पॅनिओलाच्या त्या प्रकरणात ‘ख्रिस्ती’च्या जागी ‘स्पॅनियार्ड’ आले.

१६/२०
घोडे तेच, भाले तेच, कर्ता बदलला. प्रॉटेस्टंट लंडनमधील वाचकही ख्रिस्तीच होता, पण आता वाक्यातून तो मोकळा सुटला. मूळ मजकूर वाचकाला ‘तू’ म्हणत होता. भाषांतर त्याला ‘ते’ दाखवू लागले. एक क्रियापदही न बदलता पुस्तकाचा अर्थ फिरला. पुढच्याच वर्षी, १५८४ मध्ये, रिचर्ड हॅक्लिट यांनी राणी एलिझाबेथसाठी अमेरिकेत इंग्रजी वसाहती स्थापण्याची बाजू मांडणारे टिपण तयार केले. त्यात लास कासास यांचा आधार घेतला आहे. वसाहतींविरुद्ध दिलेली साक्ष नव्या वसाहतींच्या समर्थनार्थ दाखल झाली: स्पेनने जे नासवले, ते इंग्लंड सांभाळील.

१७/२०
१६५६ चे भाषांतर याहून धीट होते. ऑलिव्हर क्रॉमवेलच्या आरमाराने आदल्या वर्षी हिस्पॅनिओलावर हल्ला केला, तिथे मार खाल्ला आणि परतीच्या वाटेवर जमैका घेतले. या मोहिमेला नैतिक पाठबळ हवे होते. कवी मिल्टन यांचा भाचा जॉन फिलिप्स याने लास कासास यांचे पुस्तक ‘इंडियनांचे अश्रू’ या शीर्षकाने इंग्रजीत आणले आणि क्रॉमवेललाच अर्पण केले. ‘विध्वंस’ म्हटले की विध्वंसक शोधावा लागतो. ‘अश्रू’ म्हटले की ते पुसणारा लागतो, आणि तो अर्पणपत्रिकेत तयार उभा होता. त्याच जमैकात पुढे इंग्रजी उसाचे मळे आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर उभे राहिले.

१८/२०
आकडाही फुगला. लास कासास यांनी चाळीस वर्षांतील मृतांची संख्या १ कोटी २० लाखांहून अधिक सांगितली होती आणि स्वतःचा अंदाज दीड कोटींवर दिला होता. तो स्वतःच वादग्रस्त आहे. फिलिप्सच्या शीर्षकात ती २ कोटींहून अधिक झाली. १६८९ च्या इंग्रजी आवृत्तीने शीर्षकात थेट पोपच्या पंथाला आरोपी केले. कॅथलिक राजा दुसरा जेम्स नुकताच पदच्युत झाला होता. १८९८ मध्ये, अमेरिका–स्पेन युद्धाच्या वर्षी, न्यूयॉर्कला पुस्तक पुन्हा छापले गेले, ते शीर्षकात २ कोटींचा आकडा घेऊनच. दर वेळी युद्ध नवे, पुस्तक जुने. आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले होते, ते लोक दर वेळी फक्त कर्म; कर्ता होण्याची पाळी त्यांच्यावर येईना.

१९/२०
स्पेननेही शब्दांशी झुंज घेतली. १५७३ मध्ये दुसऱ्या फिलिपच्या, म्हणजे पुस्तक ज्याला अर्पण झाले त्या युवराजाच्याच फर्मानाने ठरवले की नव्या मोहिमांना ‘विजय’ म्हणू नये, ‘शांतता प्रस्थापना’ म्हणावे. लास कासास ‘विजय’ या शब्दाविरुद्ध आयुष्यभर भांडले होते; मागणी मान्य झाली ती अशी. १६४६ मध्ये माद्रिदविरुद्ध बंडात असलेल्या बार्सेलोनाने पुस्तक पुन्हा छापले. १६६० मध्ये सारागोसाच्या इन्क्विझिशनने त्यावर बंदी घातली. १९१४ मध्ये हुलियान हुदेरियास यांनी स्पेनच्या या परदेशी बदनामीला ‘काळी दंतकथा’ हे नाव रूढ केले. बदनामीची तक्रार खोटी नव्हती. इंग्रजी आवृत्त्या तिच्या साक्षीदार आहेत. पण शेजाऱ्याने पुरावा स्वार्थासाठी वापरला म्हणून मूळ गुन्हा घडलाच नाही, असे होत नाही.

२०/२०
विसाव्या शतकात भाषांतरकार पुन्हा स्पॅनिश मूळाकडे वळले. १९७४ च्या हर्मा ब्रिफो यांच्या इंग्रजी शीर्षकात ‘डेव्हॅस्टेशन’ आहे, १९९२ च्या नायजेल ग्रिफिन यांच्या शीर्षकात ‘डिस्ट्रक्शन’. दरम्यान इतिहासलेखनात रोगांचा विचार मोठा झाला. १५१८ च्या अखेरीस हिस्पॅनिओलावर देवीची साथ आली, आणि या छोट्या पुस्तकात रोगराईला फारशी जागा नाही, ही त्याची खरी उणीव आहे. मात्र या दुरुस्तीतून एक नवे वाक्यही जन्मले: ‘लोकसंख्या घटली.’ त्या वाक्यात ‘से’ परत आला आहे. देवीचा विषाणू कोणी पाठवला नव्हता. पण साथ येण्यापूर्वीच माणसे खाणींत जुंपलेली होती, शेती मोडली होती, कुटुंबे फुटली होती, म्हणण्यापेक्षा फोडली होती. रोग आणि राबवणूक ही दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात बसवणे, हे आजच्या इतिहासकाराचे काम आहे.

लास कासास यांनी हा नियम स्वतःलाही लावला. स्थानिकांना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असा सल्ला त्यांनी एके काळी दिला होता. ‘इंडीजचा इतिहास’ या आपल्या मोठ्या ग्रंथात, जो १८७५ पर्यंत छापलाही गेला नाही, त्यांनी त्या सल्ल्याची चूक नोंदवली. त्या ग्रंथात ते स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहितात: पाद्री कासास याने असे केले. ‘माझ्या हातून झाले’ असे म्हणण्याची सोय त्यांच्याही भाषेत होती. त्यांनी कर्ता जागेवर ठेवला.